विहिरीचा पंप रविवारी सुरू करण्याबाबत (सोसायटी ग्रुप, विलेपार्ले पूर्व)

सेक्रेटरी, ए-३०२: सर्व सभासदांना कळवतो की पाण्याला पेट्रोलचा वास आल्याने मे महिन्यापासून बंद असलेला विहिरीचा पंप रविवारपासून सुरू करायचा विचार आहे. पंधरा दिवस झाले, पाण्याला पेट्रोलचा वास नाही. टँकरचा खर्च आता झेपत नाही. कोणाची हरकत असेल तर आजच कळवावे.

बी-१०४ काका: योग्य निर्णय. हे पाणी आपण फ्लशला आणि गाड्या धुवायलाच वापरतो. पितंय कोण?

ए-५०३: सेक्रेटरीसाहेब, माझी हरकत आहे. जरा लांबलचक लिहिते, पण सगळ्यांनी वाचा. दूषित माती आणि भूजल तपासणं हे माझं रोजचं काम आहे.

वास गेला म्हणून पेट्रोल गेलं असं होत नाही. मेमध्ये आपल्या विहिरीचं पाणी पंधरा फूट खाली होतं, आता चार फुटांवर आलंय. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगतं. पावसाने पाणी चढलं की त्याच्याबरोबर तेही चढतं, वाटेत मुरमाच्या कणांना चिकटत जातं आणि बरंचसं पाण्याखाली अडकून पडतं. दिवाळीनंतर पातळी उतरायला लागली की तेच सुटतं आणि परत विहिरीत येतं. पावसाळ्यात साफ आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा वास, हे मी साइटवर कितीदा तरी बघितलंय.

बी-१०४ काका: पण ताई, जूनमध्ये रिपोर्ट आणला होता ना? त्यात सगळं मर्यादेत होतं.

ए-५०३: काका, तो रिपोर्ट मी नीट वाचला. त्यात क्षार, कठीणपणा आणि जंतू बघितलेत, म्हणजे पिण्याच्या पाण्याची नेहमीची चाचणी. बेंझीन, टोल्युइन, झायलीन ही पेट्रोलमधली द्रव्यं त्यात तपासलेलीच नाहीत. शिवाय नमुना मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत अर्धाच भरला होता आणि दोन दिवस सोसायटी ऑफिसच्या कपाटात होता. तोवर यातलं बरंचसं उडून गेलं असणार. याच्यासाठी ४० मिलिलिटरची काचेची छोटी बाटली लागते. ती काठोकाठ भरायची, झाकण लावल्यावर उलटी करून बघायची, आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. मग बर्फात ठेवून लॅबला पोहोचवायची.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम धरली आहे. म्हणजे १ ग्रॅम बेंझीन १ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं, दहा हजार लिटरचे दहा टँकर. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो, यात आता शंका राहिलेली नाही. आणि पीत नाही म्हणून सुटलो असं नाही. फ्लश केला, गाडीवर पाइप धरला की ते हवेत येतं. कोणी पाणी उकळून वापरू म्हणेल, तर ते स्वयंपाकघरात पसरेल.

सी-२०१ वहिनी: मेमध्ये आमच्या विंगच्या लिफ्टपाशी उग्र वास यायचा. मुलीचं डोकं दुखायचं. मला वाटलं रंगकाम चाललंय कुठेतरी.

ए-५०३: वहिनी, हे तेव्हाच ग्रुपवर यायला हवं होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती लिफ्टच्या खड्ड्यात, पंपरूममध्ये साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की ठिणगी पुरते, आणि ठिणगी दिव्याच्या बटणातूनही उडते. परत वास आला तर कोणतंही बटण दाबू नका, लिफ्ट वापरू नका, बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. वॉचमनदादांना मी आत्ताच खाली जाऊन सांगते.

बी-६०१: ताई, विहिरीवर इंद्रधनुषी तवंग मीही बघितला. पण तो लोखंडाच्या गंजाचाही असतो ना?

ए-५०३: असतो, बरोबर आहे तुझं. काडीने ढवळून बघ. गंजाचा, म्हणजे जंतूंनी केलेला तवंग पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग काडी काढली की परत जुळून येतो. आपला मेमध्ये जुळत होता. तेव्हा मी पारदर्शक नळी दोरीने सोडली होती, वर काढली तर पाण्यावर करंगळीएवढा वेगळा थर उभा होता. अर्थात विहिरीत थर जाड दिसतो, जमिनीत तो तेवढा असेलच असं नाही.

बी-१०४ काका: मग पंप लावून सगळं उपसून टाकू एकदाचं.

ए-५०३: तेच करायचं नाही काका. विहीर उपसली की चारी बाजूंचं पाणी आपल्याकडे ओढलं जातं, आणि दूर असलेलं पेट्रोलही. उपसलेलं पाणी गटारात सोडलं तर धोका पुढच्या गल्लीत जाईल.

सेक्रेटरी, ए-३०२: मग पुढे काय? नाक्यावरच्या पेट्रोल पंपाला नोटीस द्यायची का?

ए-५०३: नोटीस आत्ता नको. त्यांचंच असेल असं आपण अजून म्हणू शकत नाही, गॅरेज आहे, एखादी जुनी गाडलेली टाकीही असू शकते. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार. पेट्रोलच्या टाक्यांचा परवाना पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था देते, त्यांनाही प्रत. दूषित जागांबद्दल केंद्राचे नियम २०२५ मध्ये आलेत, त्यांत खर्च दूषित करणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून आपल्याकडे नीट घेतलेले नमुने आणि तारखा हव्यात.

पुढचं काम तज्ज्ञ एजन्सीचं. पेट्रोल पंपाच्या टाक्या आणि पाइप दाब देऊन तपासायचे, रोजच्या साठ्याचा हिशेब विक्रीशी ताडायचा. किमान तीन बोअर घेऊन जमिनीखालच्या पाण्याचा उतार कुठे आहे ते काढायचं. आपल्याकडे माती-मुरमाखाली खडक, आणि खडकात भेगा. पेट्रोल भेगेने जातं, रस्त्याच्या उताराने नाही, म्हणून तीनवर भागेलच असं नाही.

साफसफाईचा पहिला नियम, गळती बंद. मग तरंगणारं पेट्रोल वरच्यावर काढायचं, कोरड्या मातीतली वाफ बोअरमधून खेचायची, पाणी सक्रिय कोळशातून गाळायचं. उरलेलं मातीतले जंतू खातात, पण त्यांना ऑक्सिजन लागतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जंतू आधी ते खातात, त्यातच ऑक्सिजन संपतो आणि बेंझीन मागे राहतं. वर्ष-दोन वर्षं तरी धरून चला.

सी-२०१ वहिनी: तोवर टँकरच?

ए-५०३: हो वहिनी. फ्लशला तरी टँकरच.

सेक्रेटरी, ए-३०२: ठीक. पंप सुरू होणार नाही. पंपरूमला कुलूप लावतो, किल्ली माझ्याकडे राहील. तक्रारीचा मसुदा ताई तुम्ही द्या, सह्या मी घेतो.

बी-१०४ काका: टँकरच्या जादा खर्चाला माझी संमती. मसुद्यावर माझी सही पहिली घ्या.

ए-५०३: धन्यवाद काका. शनिवारी सकाळी ७ ला नमुने घेऊ, लॅब दुपारपर्यंत उघडी आहे. बाटल्या मी आणते. बर्फ आणि थर्माकोलचा डबा कोणाकडे आहे?

सी-२०१ वहिनी: डबा आहे. बर्फाचे ट्रे आज रात्रीच लावते.