सदाशिव पेठेतला वाडा, ग्रेड तीन: छप्पर, खांब, खिडक्या. हेरिटेज समितीपुढे काय घेऊन जायचं? (मदत हवी आहे)

पेठकरी

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. रस्त्याकडे माडी आणि सज्जा, मागे चौक, चौकाच्या तीन बाजूंनी पडवी. मालमत्ता पत्रकावर वडील, काका आणि दोन आत्या. एका खोलीत जुने भाडेकरू आजोबा आहेत, त्यांचा कोणालाच त्रास नाही.

त्रास आहे तो पावसाचा. माडीवर कौलं सरकलीत, वासे वाळवीने पोखरलेत. सज्जाखालचे दोन खांब तर तळखड्यापासून (खांबाखालच्या दगडापासून) वीतभर कुजलेत. स्क्रूड्रायव्हर टेकवला की मुठीपर्यंत आत जातो आणि ओला भुसा बाहेर येतो. कंबरेच्या वर तोच खांब ठोकला तर खणखण वाजतो. कंत्राटदाराचं म्हणणं असं: कौलं उतरवून लोखंडी चॅनेलवर पत्रा टाकू, खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग लावू, दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू, महिन्यात मोकळे.

मधेच कळलं की वाडा महापालिकेच्या वारसा यादीत ग्रेड तीनमध्ये आहे. तेव्हापासून गल्लीत दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, दुरुस्तीला कुणाला विचारायचं असतं होय? दुसरा म्हणतो, आता खिळासुद्धा ठोकता येणार नाही. काकांचं तिसरंच, "पाडा आणि बिल्डरला द्या." वडिलांना इथेच राहायचंय, आणि गुडघ्यांमुळे आत कमोडचं बाथरूम हवंय.

समिती नक्की काय बघते? कशाला नाही म्हणते? अर्जासोबत काय नेलं की हेलपाटे वाचतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

हौदाशेजारी

पहिल्यांदा पुरातत्त्व खात्याची एनओसी आणा, त्याशिवाय फाईल हलणार नाही. आमच्या कसब्यात सगळ्यांचं तिथेच अडलंय.

---

चुनखडी

हौदाशेजारी, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते वेगळं. कसब्याला लागून शनिवारवाडा आहे आणि तो केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. १९५८च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. ती एनओसी केंद्राच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडून येते. तुमचं घर साधं असो की हेरिटेज, अंतरात असलात की अडकलात. पेठकरी त्या ३०० मीटरच्या बाहेर असतील तर त्यांचा संबंध फक्त महापालिकेच्या हेरिटेज समितीशी. पुण्यात या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की लोक चुकीच्या दारात वर्ष काढतात.

आता पेठकरी तुमच्याकडे वळतो. (माझं काम हेच आहे, म्हणून जरा लांबण लागेल.)

दुरुस्तीला परवानगी लागत नाही, हे साध्या घरांपुरतं खरं. राहण्यालायक ठेवण्याच्या किरकोळ दुरुस्त्या तिथे माफ असतात. यादीतल्या इमारतीला ती माफी नाही. आपल्याकडचे हेरिटेज नियम मुंबईच्या १९९५च्या नियमावलीच्या वळणाचे आहेत, देशातली ती पहिली. त्यात पाडकाम आणि वाढीव बांधकामाबरोबर दुरुस्ती, गिलावा, खास वैशिष्ट्यं बदलणं आणि चक्क रंगकामसुद्धा आहे. आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय यातलं काही करायचं नाही. समिती सल्ला देते, सही आयुक्तांची. म्हणजे गल्लीतला दुसरा पक्ष अर्धा बरोबर: खिळा ठोकता येतो, विचारून ठोकायचा.

पण ग्रेड तीन म्हणजे काय ते समजून घ्या. ग्रेड एकला हात लावायचा तो वास्तू टिकवण्यापुरता. ग्रेड दोनमध्ये आतले बदल जपून. ग्रेड तीनचं महत्त्व बहुतेक करून रस्त्याच्या चेहऱ्याशी असतं, तुमचा सज्जा, गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी), दिंडीचा दरवाजा, छपराचा उतार. आत-बाहेर बदल, नवा वापर हे सहसा मान्य होतं, अट एवढीच की ज्या गुणांमुळे वाडा यादीत आला ते राहिले पाहिजेत. तुमच्या वडिलांचं बाथरूम मागच्या पडवीत, चौकाकडून, भार जोत्यावर येईल असं घेतलं तर त्याला कुणी हरकत घेईल असं मला वाटत नाही. फक्त ओल्या जागेचं पाणी मातीच्या भिंतीत मुरणार नाही हे नकाशात दाखवा. माडीवर मात्र घेऊ नका. कडीपाटावर, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या जमिनीवर, बाथरूम म्हणजे दहा वर्षांनी खालच्या माणसाच्या डोक्यावर तुळई.

समितीत वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनियर, इतिहासाची माणसं असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: जे काढताय ते दुरुस्त होणारच नाही का? अर्ज इथेच पास-नापास होतो. "छप्पर खराब आहे, बदलायचंय" असं लिहिलंत तर उलट प्रश्न येतील. "एकूण वासे इतके, त्यातले कुजलेले इतके, हे त्यांचे फोटो, बाकी तसेच ठेवणार" असं लिहिलंत तर चर्चा तिथेच संपते. तेव्हा अर्जाच्या आधी वाड्याची मोजणी करून घ्या. आहे तसा नकाशा, आहे तसं दर्शनी चित्र, आणि त्यावर लाल रंगात फक्त बदल. प्रत्येक खिडकीला नंबर द्या.

खांबांचं उत्तर तुम्ही स्वतःच दिलंय. वर खणखण वाजतो ना? मग पूर्ण खांब बदलायचं कारणच नाही. सज्जाला टेकू देऊन कुजलेला बुंधा कापायचा आणि जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने कलम करून बसवायचा. आणि तो कुजला का ते आधी शोधा. नव्वद टक्के वेळा कुणीतरी मधल्या काळात फरशी उंच केलेली असते किंवा तळखड्याभोवती सिमेंट ओतलेलं असतं.

सिमेंटच्या गिलाव्याचं नावही काढू नका, समिती राहू दे, भिंतीसाठी. पांढऱ्या मातीची आणि चुन्यातली भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि सगळ्यात आधी भिंतीत अडकलेली लाकडं जातात. बाहेरून भिंत गुळगुळीत, आतून लगदा.

---

तिरकस

वा! म्हणजे पेठकरींनी रंगाला परवानगी आणायची आणि समोरचा दुकानदार यादीतल्या वाड्याच्या गणेशपट्टीवर एलईडीचा बोर्ड ठोकून मोकळा. समितीला तेवढं बरं दिसत नाही.

---

चुनखडी

तिरकस, पाट्या आणि जाहिरातफलकही त्याच नियमात येतात. अंमलबजावणीचा मुद्दा मात्र मान्य, त्यावर वाद घालणार नाही. तक्रार आल्याशिवाय कुणी हलत नाही आणि शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करायला पेठेत कुणी धजत नाही. (पाटी लावून टोमणा मारतील, अर्ज नाही करणार.)

---

बोस्टनवाली

मी मूळची नारायण पेठेतली, आता बोस्टनला असते. इथली पद्धत सांगते, पेठकरींना मांडणीसाठी उपयोग होईल.

इथे बीकन हिल नावाची जुनी वस्ती आहे, विटांची घरं आणि अरुंद गल्ल्या. १९५५पासून तिथे स्थानिक आयोग आहे. तो फक्त सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारे बदल तपासतो. घरात काय करता याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. पण बाहेरची खिडकी, दार, कठडा, रंग, सगळं त्यांच्यापुढे जातं. सुनावणी उघडी असते, शेजारी उठून बोलतात, आणि शेजारी हा इथेही शेजारीच असतो.

निकष छापील आहेत. इथल्या केंद्र सरकारची जुन्या इमारतींसाठी १० तत्त्वं आहेत आणि गावोगावचे आयोग कमी-अधिक त्यावरच चालतात. त्यातलं एक चुनखडी म्हणाले तेच: दुरुस्त होत असेल तर बदलू नका, बदलावंच लागलं तर नवं हे रचनेत, रंगात, पोतात जुन्याशी जुळलं पाहिजे आणि जमेल तिथे साहित्यही तेच. माझ्या मैत्रिणीला लाकडी खिडक्यांच्या जागी प्लास्टिकच्या बसवायच्या होत्या. आयोगाने नकार दिला, पण तिथेच सुचवलं की जुन्या चौकटी राखा, फटी बुजवा आणि थंडीसाठी जादा काच लावा. तिचं काम झालं.

अजून एक तत्त्व मला फार आवडतं. नंतरच्या काळात झालेल्या बदलांनाही स्वतःचं मोल आलेलं असू शकतं, ते उगाच खरवडायचे नाहीत.

---

चुनखडी

बोस्टनवाली ताई, शेवटचा मुद्दा पेठकरींच्या छपराला नेमका लागू आहे. मंगलोरी कौलं पेशवाईतली नव्हेत. बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळूरला कारखाना काढला १८६५ साली, आपल्याकडे ती त्यानंतर पसरली. त्याआधी कुंभाराची कौलं. म्हणून "मूळचं नाही, मग पत्रा का नको" असा युक्तिवाद काही जण करतात. समितीपुढे तो टिकत नाही, आणि टिकू नये. शंभरेक वर्षं त्या रस्त्याने कौलांचा उतार पाहिलाय.

पाणी थांबवायचंय ना? कौलं उतरवा, चांगली बाजूला रचा, खराब वासे-रिपा बदला, वर फळ्या आणि त्यावर जलरोधक थर घ्या, मग तीच कौलं परत. रस्त्यावरून काही दिसत नाही आणि पत्र्यासारखं उन्हाळ्यात भाजतही नाही. पत्र्यापेक्षा खर्च जास्त येतो, खोटं कशाला सांगू.

---

पेठकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाथरूमचं ऐकून वडील खूश, पत्र्याचं ऐकून कंत्राटदार नाही.

आता काकांचा प्रश्न. त्यांना कुणीतरी सांगितलंय की कलम २६४ची धोकादायक इमारतीची नोटीस आणली की हेरिटेजचा विषयच संपतो. खरं का? आणि समितीने नाहीच म्हटलं तर पुढे काय?

---

हौदाशेजारी

नोटिशीचा मार्ग पेठांमध्ये सर्रास वापरतात. मागच्या बाजूची दोन कौलं काढून ठेवायची, दोन पावसाळे जाऊ द्यायचे, मग नोटीस आपोआप येते.

---

चुनखडी

तेच. आणि ते करणारे बहुतेक वेळा बाहेरचे नसतात.

काकांना सांगा, महापालिका अधिनियमाच्या २६४ खाली नोटीस येऊ शकते, पण त्यात दुरुस्त करा, टेकू द्या असंही सांगता येतं. नोटीस म्हणजे पाडण्याचा परवाना नव्हे. ग्रेड तीनची इमारत खरोखरच खिळखिळी असेल तर पुनर्बांधणी मान्य होऊ शकते, पण ती पुन्हा समितीमार्फत. पाडकाम किंवा मोठा बदल असेल तर लोकांच्या हरकती-सूचना मागवण्याची तरतूदही हेरिटेज नियमांत आहे. शिवाय पाडलं तरी भाडेकरू आजोबांचा हक्क वाड्याबरोबर पडत नाही.

तुम्ही उलट करा. लाकडी बांधकाम समजणाऱ्या इंजिनियरकडून स्ट्रक्चरल रिपोर्ट आधीच घ्या. ज्याने आयुष्यभर आरसीसीच केलंय तो वाड्यात शिरताच "पाडा" म्हणतो, त्याचाही इलाज नाही, त्याला तेवढंच शिकवलंय. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेत विचारा, जाणकार माणसं कळतील. तुमच्या हातात कुजलेल्या-शाबूत भागांचा हिशेब असला की नोटीस आली तरी उत्तर तयार.

परवानगी नाकारली किंवा अटी पटल्या नाहीत तर एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. माझा अनुभव असा की तिथवर जाण्याआधी सुधारित नकाशा घेऊन परत समितीपुढे गेलं तर लवकर सुटतं.

काकांच्या पैशाच्या प्रश्नालाही नियमांत थोडी जागा आहे. यादीत असल्यामुळे बांधकामाचा जो हक्क वापरता येत नाही, त्यापोटी टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागेवर नेण्याची किंवा विकण्याची, सोय आहे. प्रक्रिया रखडते, पण आहे.

---

बोस्टनवाली

टीडीआरवरून आठवलं. न्यूयॉर्कने पेन स्टेशन १९६३मध्ये पाडायला घेतलं, त्या हळहळीतून १९६५चा तिथला वारसा कायदा आला. मग ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या मालकांना वर टॉवर बांधायचा होता, आयोगाने नाही म्हटलं आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८मध्ये निकाल आयोगाच्या बाजूने लागला. मालकांना न वापरलेले हक्क जवळच्या जागांवर नेता येत होते, हेही कोर्टाने विचारात घेतलं. तेव्हा काकांचं गणित अगदीच वेडं नाही, फक्त वाडा उभा ठेवूनही ते मांडता येतं.

---

पेठकरी

हे काकांना आजच वाचायला देतो. त्यांना कोर्टाचे किस्से आवडतात.

एक शेवटचं. रस्त्याकडच्या पाच खिडक्यांपैकी एक मधल्या काळात विटांनी बुजवलीय. ती उघडायची तर जुनी कशी होती याचा पुरावा मागतील का? आमच्याकडे एकच फोटो आहे, आत्याच्या लग्नाचा, त्यात खिडकी अर्धीच दिसते. आणि जुना साग कुठे बघू?

---

चुनखडी

अर्धी पुरे. उरलेल्या चार खिडक्या तुमचा पुरावा आहेत, माप त्यांचंच घ्या. बुजवलेल्या भागाच्या आत जुनी चौकट शिल्लक असण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा फोडताना गवंड्याच्या डोक्यावर उभे राहा. १९६१च्या पानशेतच्या पुराचे फोटो कुणाकडे आहेत का तेही गल्लीत विचारा. पूर बघायला आणि नुकसान दाखवायला लोकांनी रस्त्यांचे भरपूर फोटो काढले होते, तुमचा सज्जा एखाद्यात निघेल.

साग भवानी पेठेत टिंबर मार्केटला बघा. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया तिथे येतात. घेताना खिळ्यांची भोकं मोजू नका, टोकं बघा. भिंतीत असलेलं टोक काळं आणि मऊ असेल तर तेवढी लांबी वजा करून भाव करा. आणि पावती घ्या, फाईलला लावायला उपयोगी पडते.