प्रति: बूट सेलला किमती कशा लावायच्या?

बूट सेल म्हणजे गाडीच्या डिकीतून घरचं जुनं सामान विकायचा बाजार. तिथे प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवा, हे या प्रश्नावर आधी कुणीतरी सुचवलेलं पुस्तकं-खेळण्यांपुरतं ठीक आहे. पण इथे इंग्लंडात बूट सेलला पहाटे पहिले येतात ते व्यापारी, घरगुती गिऱ्हाईक नंतर. डिकी उघडली रे उघडली की तीन-चार जण टॉर्च घेऊन आत वाकतात. "दागिने आहेत? जुने कॅमेरे? लेगो?" आपण टेबलाचे पाय उघडतोय तोवर खोक्यांतून हात फिरलेले असतात, आणि त्या गडबडीत तोंडातून जाते ती किंमत हमखास कमी. मी बऱ्यापैकी वस्तू पुढच्या सीटवर चादरीखाली ठेवते, सगळं मांडून चहा पोटात गेल्यावरच बाहेर काढते. आपले स्टीलचे डबे मात्र बिनधास्त मांडा. आमचे एका गोऱ्या आजींनी केकसाठी नेले, तेही मंडईतल्या बायकांना लाजवेल अशी घासाघीस करून!

आणि टॅक्सबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगते. घरातलं वापरलेलं सामान विकणं हा सहसा धंदा धरत नाहीत, त्यामुळे इन्कम टॅक्स लागत नाही. एखादी वस्तू ६,००० पौंडांच्या वर गेली तरच कॅपिटल गेन्सचा, म्हणजे वस्तू विकून झालेल्या नफ्यावरच्या कराचा प्रश्न (आपल्या माळ्यावर असलं काही नसतं). विकण्यासाठीच माल आणायला लागलात तर तो धंदा झाला. तिथे वर्षाला एकूण १,००० पौंडांच्या विक्रीपर्यंत सूट आहे; ही मर्यादा विक्रीवर मोजतात, नफ्यावर नव्हे.