पोलिओचे उच्चाटन अजून का पूर्ण होत नाही?

दूर्वा:
जागतिक आरोग्य सभेने १९८८ साली पोलिओच्या उच्चाटनाचा ठराव केला, तेव्हा सव्वाशे देशांत मिळून वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले या रोगाने लुळी पडत होती आणि २००० सालापर्यंत तो संपवायचा असे ठरले होते. आता मूळ विषाणूचा प्रसार फक्त अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात अखंड चालू आहे. तरीही इतर देशांत लशीतूनच उद्भवलेल्या विषाणूने मुले लुळी होत असल्याचे वाचनात येते. देवी गेल्या, मग पोलिओ का जात नाही? आणि लशीतूनच रोग होत असेल, तर ती चालू ठेवण्यात काय हशील आहे?

रानवाट:
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. देवीच्या रोग्याच्या अंगावर फोड दिसत, त्यामुळे त्याला हुडकून आसपासच्या लोकांना लस टोचली की साखळी तुटत असे. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे जणांमागे एकालाच कायमचा लुळेपणा येतो. बाकीच्यांना बहुधा काहीच जाणवत नाही, पण त्यांच्या विष्ठेतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणूनच पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की, कारण काहीही वाटो, चौदा दिवसांच्या आत आणि किमान चोवीस तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने घेतले जातात. जोडीला सांडपाणीही तपासतात. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात विषाणू सापडला, तेव्हा तिथे एकही मूल लुळे पडलेले नव्हते.

तळटीप:
लशीमुळे रोग होतो असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. तोंडावाटे द्यायच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात काही काळ वाढून तिथेच प्रतिकारशक्ती निर्माण करतो आणि विष्ठेवाटे पसरून शेजारच्या मुलांनाही अनेकदा आयते संरक्षण देतो. मात्र जिथे बरीच मुले लशीविना राहिली आहेत, तिथे तोच विषाणू महिनोन्महिने एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि बदलत बदलत पुन्हा लुळे करण्याची ताकद मिळवतो.

विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसऱ्या प्रकाराचा मूळ विषाणू १९९९ मध्ये अलीगढला शेवटचा आढळला. लशीतून उद्भवणारे बहुतेक उद्रेकही याच प्रकाराचे असल्याने एप्रिल २०१६ मध्ये जगभर एकाच सुमारास तोंडावाटे द्यायच्या लशीतून हा घटक वगळण्यात आला. माझ्या मते मोहिमेचा अंदाज चुकला तो इथेच. आधीचे छुपे संक्रमण पुरते थांबलेले नव्हते, आणि पुढे जन्मलेल्या मुलांच्या आतड्यांत या प्रकाराविरुद्ध प्रतिकारशक्तीच नव्हती. उद्रेक आवरण्यासाठी दुसऱ्या प्रकाराची जुनी लस पुन्हा बाहेर काढावी लागली आणि काही ठिकाणी तिनेच नवे उद्रेक सुरू केले. २०२० च्या अखेरीस आपत्कालीन वापराची मान्यता मिळालेल्या नव्या लशीतील विषाणू जनुकीयदृष्ट्या अधिक स्थिर आहे. तरी निम्म्याच मुलांपर्यंत ती पोहोचली, तर धोका उरतोच.

दूर्वा:
मग सगळीकडे इंजेक्शनच का देत नाहीत?

रानवाट:
इंजेक्शनमधील विषाणू मृत असतो, त्यामुळे त्यातून उद्रेक होऊ शकत नाही, आणि लुळेपणापासून ते उत्तम संरक्षण देते. परंतु आतड्यातील विषाणूची वाढ ते पुरेशी रोखत नाही. इंजेक्शन घेतलेले मूल स्वतः सुरक्षित राहूनही विषाणू पुढे पोहोचवू शकते. शिवाय थोड्या प्रशिक्षणावर कोणीही स्वयंसेवक दारोदार जाऊन दोन थेंब पाजू शकतो, सुईचे तसे नाही. मूळ विषाणू संपल्याचे प्रमाणित झाल्यानंतर तोंडावाटे द्यायची लस बंद करायची आणि इंजेक्शन चालू ठेवायचे, असाच आराखडा आहे.

तळटीप:
उरलेल्या दोन देशांत अडचण लशीची कमी आणि दारापर्यंत पोहोचण्याची जास्त आहे. ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने अ‍ॅबटाबादमध्ये कावीळ ब प्रतिबंधक लसीकरणाचा बनाव केला होता. २०११ मध्ये तो उघड झाल्यावर, पोलिओशी त्याचा संबंध नसतानाही, मोहिमेवरचा अविश्वास वाढला. पाकिस्तानात लस पाजणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या रक्षणासाठी नेमलेले पोलीस यांच्यावर त्यानंतरही हल्ले होत राहिले आहेत.