डिसेंबरात लग्न आहे. आत्ता हेअर ट्रान्सप्लांट करून घ्यावे का?

गोदाकाठ (नाशिक):
माझे वय २७ आहे. तेविसाव्या वर्षापासून कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकू लागले आणि आता टाळूवरही रुपयाएवढी जागा विरळ झाली आहे. वडिलांना आणि मामांना चाळिशीच्या आतच पूर्ण टक्कल पडले होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे लग्न आहे, म्हणजे हातात जेमतेम पाच महिने आहेत. गेल्या शनिवारी एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. तिथल्या समुपदेशकाने (ते डॉक्टर नव्हते) दहा मिनिटांत मार्करने कपाळावर रेघ ओढली, "चार हजार ग्राफ्ट, एका दिवसात काम पूर्ण" असे सांगितले (ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढून लावायचा एक ते चार केसांचा पुंजका) आणि आजच्या आज आगाऊ रक्कम भरली तर मोठी सवलत देऊ केली. औषधांचा विषय निघालाच नाही. ज्यांनी ही शस्त्रक्रिया स्वतः करून घेतली आहे त्यांनी कृपया सांगावे, की त्या दिवशी नेमके काय होते, कितपत दुखते, आणि लग्नापर्यंत केस दिसू लागतील का?

मुठेकाठचा:
मी तीन वर्षांपूर्वी, चौतिसाव्या वर्षी, पुण्यात एफयूई पद्धतीने (म्हणजे मागच्या बाजूचे एकेक ग्राफ्ट सुटे काढून) २,२०० ग्राफ्ट लावून घेतले, त्यामुळे त्या दिवसाचे सविस्तर सांगू शकतो.

सकाळी आठला नाश्ता करून यायला सांगितले होते. आधी संपूर्ण डोक्यावरचे केस मशिनने बारीक केले, मग डॉक्टरांनी स्वतः आरशासमोर बसवून रेघ आखली आणि मी खाली आणायला सांगितलेली रेघ त्यांनी बोटभर वरच ठेवली. तेव्हा मी नाराज झालो होतो. आज त्यांचे उपकार मानतो. त्यानंतर चेहऱ्यासाठी भोक असलेल्या टेबलावर पालथे झोपवून डोक्याच्या मागच्या बाजूला भुलीची इंजेक्शने दिली. दिवसभरातले खरे दुखणे एवढेच, आणि दुपारी कपाळाला पुन्हा तीच इंजेक्शने दिली तेव्हा डोळ्यांत पाणी आले, हेही लपवत नाही. एकदा भूल चढली की उरतो तो फक्त आवाज. एक मिलिमीटरपेक्षाही कमी व्यासाची पोकळ सुई मोटरवर फिरत असते आणि प्रत्येक मुळाभोवती कातडी कापताना कानाच्या मागे बारीक करकर ऐकू येते. दोन हजार वेळा ती ऐकल्यावर माणूस आपोआप मोजायचे सोडून देतो.

जेवणाच्या सुट्टीत मागे पट्टी बांधलेल्या अवस्थेत वरणभात खाताना त्यांनी मला काचेची बशी दाखवली. ओल्या जाळीदार कापडावर दहा-दहाच्या रांगांत ग्राफ्ट मांडून ठेवले होते. एकेका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस आणि खाली तांदळाच्या कणीएवढा पांढुरका गर. एका केसाचे ग्राफ्ट वेगळे काढले होते, कारण अगदी पुढच्या ओळीत तेच लावतात. तिथे तीन केसांचे झुबके लावले तर बाहुलीच्या डोक्यासारखे दिसते. दुपारी उताणे झोपवून डॉक्टरांनी बारीक छेद दिले आणि दोन सहायकांनी चिमट्याने त्यांत मुळे बसवली. संध्याकाळी सहाला मी चालत बाहेर पडलो.

पुढचे दहा दिवस मात्र खऱ्या अर्थाने रुग्णाचे होते. चार-पाच रात्री पाठीला उशा लावून, अर्धवट बसूनच झोपायचे, दर दोन तासांनी सलाइनचा फवारा मारायचा आणि खाज आली तरी हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज उतरून डोळ्यांवर आली आणि आईने घाबरून माझी दृष्ट काढली. दोन दिवसांत ती सूज आपोआप ओसरली. दहाव्या दिवसापर्यंत फेसाने भिजवून खपल्या निघाल्या.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळू लागतात. मूळ आतच राहते, वरचा केस तेवढा पडतो, आणि हे अपेक्षितच असते. तरीही बेसिनमध्ये पडलेले केस मी रोज मोजत होतो. कधी कधी आजूबाजूचे जुने केसही धक्क्याने काही काळ गळतात. तिसऱ्या महिन्यात मी शस्त्रक्रियेआधीपेक्षा वाईट दिसत होतो. चौथ्या महिन्यानंतर बारीक, वेडेवाकडे केस उगवू लागले, आठव्या-नवव्या महिन्यात भांग पाडता आला आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्ष लागले; टाळूला त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. तुम्ही आज टेबलावर झोपलात तर डिसेंबरात लग्नाचे फोटो नेमके या मधल्या अवस्थेत निघतील. विधीच्या वेळी फेटा असतो हे खरे, पण तो स्वागतसमारंभात उतरवावा लागतो.

त्वचा_आणि_केस:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. वरील अनुभव अगदी प्रातिनिधिक आहे. मी फक्त वयाच्या मुद्द्यावर लिहितो.

डोक्याच्या मागच्या पट्ट्यातील केसांवर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम फारसा होत नाही आणि ते पुढे लावले तरी हा गुण सोबत घेऊन येतात. केस जागा बदलली तरी मूळ जागेचा गुण टिकवतात, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडले आणि ही सारी शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर उभी आहे. याचा अर्थ असा, की या शस्त्रक्रियेत एकही नवा केस तयार होत नाही, फक्त केसांची जागा बदलते. मागची शिल्लक मर्यादित असते. बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभरात पाच-सहा हजारांच्या आसपास ग्राफ्ट सुरक्षितपणे काढता येतात. त्यांतले चार हजार सत्ताविसाव्या वर्षीच पुढच्या रेघेवर खर्च केले आणि वडिलांच्या वळणाने मधले केस गेले, तर चाळिशीत ती जागा भरायला काय उरेल याचा विचार त्या समुपदेशकाने केलेला दिसत नाही.

आधी गळती थांबवणे आवश्यक आहे. रोज फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी (ती हे संप्रेरक कमी करते) आणि मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचे, केसवाढीचे औषध) यांनी किमान वर्षभरात काय साध्य होते ते पाहावे आणि मगच शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होते किंवा मनःस्थितीवर परिणाम होतो, म्हणून ते दुकानातून परस्पर न घेता डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. विशेषतः तुमचे लग्न जवळ आले असल्यामुळे हे बोलणे टाळू नये. गर्भवती स्त्रीने याची फुटलेली गोळी हाताळू नये, हेही घरात माहीत असावे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, की ही शस्त्रक्रिया योग्य शल्यप्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी. निव्वळ व्हिडिओ किंवा कार्यशाळा पाहून ती शिकता येत नाही. म्हणून "छेद कोण देणार, ते डॉक्टर दिवसभर खोलीत असतील का, आणि भुलीच्या औषधाची प्रतिक्रिया आली तर काय व्यवस्था आहे" हे तीन प्रश्न विचारावेत. भुलीच्या औषधाला रुग्णाच्या वजनानुसार कमाल मर्यादा असते. ग्राफ्टचा आकडा फुगवून काम एकाच दिवसात उरकण्याच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष होऊ शकते.

जुना_गिऱ्हाईक:
मी तो खर्च पंचविसाव्या वर्षीच करून बसलो. क्लिनिकचे नाव घेत नाही, पण सवलतीची भाषा तीच होती आणि डॉक्टर मला एकूण पंधरा मिनिटे दिसले. आज मी ३६ वर्षांचा आहे. पुढे केसांचे कुंपण आहे आणि कुंपणामागे मोकळे रान. मागच्या बाजूने इतके दाट काढले, की बारीक केस ठेवले तर कसर लागलेल्या शालीसारखे ठिपके दिसतात आणि नवीन सलूनवाला हमखास विचारतो, "साहेब, इथे काय झालं होतं?" किती ग्राफ्ट काढले याची लेखी नोंद मला दिली गेली नाही, त्यामुळे दुरुस्तीसाठी गेलो तेव्हा नव्या डॉक्टरांना शिल्लक अंदाजानेच मोजावी लागली. ती नोंद पैसे देण्यापूर्वीच मागून ठेवा. शिवाय सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरला आहे का तेही विचारा, कारण हे सौंदर्योपचारात मोडते आणि आरोग्य विमाही यासाठी सहसा पैसे देत नाही.

गोदाकाठ (नाशिक):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आगाऊ रक्कम भरली नाही. काल त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांनी भिंगाने टाळू तपासली, फोटो काढून ठेवले आणि औषधे सुरू करून चार महिन्यांनी बोलावले आहे. होणाऱ्या पत्नीलाही सगळे सांगितले. ती म्हणाली, की पहिल्या भेटीच्या दिवशी आपण पावसात भिजलो होतो तेव्हाच तिने सर्व पाहिले होते. केस आता बारीकच ठेवणार आहे. शेवटची एक शंका: मी रोज दुचाकीवरून सातपूरला कामाला जातो, तर हेल्मेटमुळे गळती वाढते का?

त्वचा_आणि_केस:
नाही. या प्रकारच्या टकलाचा हेल्मेटशी संबंध नाही. आतले अस्तर आठवड्यातून एकदा धुवावे आणि हेल्मेट अवश्य घालावे.