तारीख पुढं गेली का बोंब कायले? अर्धवट गेम अन् मंग शंभर जीबीचा पॅच, हे कोणाले परवडते?

आर्वीकर_गेमर

कोणत्याही गेमची तारीख पुढं गेली का लगेच सुरू होते, कंपनी चोर हाय, यायले गेम बनवता येत नाही, पैसे वापस करा. आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर परवा स्टॉकर 2 चा विषय निघाला तं एका भाऊनं लिहिलं का या गेमनं उशिराचा कळस केला, असल्या कंपनीले एक रुपया देऊ नये. मले हे बिलकूल पटलं नाही म्हणून इथं लिहून राह्यलो.

ज्यायनं खेळला नाही त्यायच्यासाठी थोडक्यात. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्राभोवतीच्या ओसाड इलाख्यातला हा सायन्स फिक्शन शूटर, म्हणजे बंदुकीनं लढाचा गेम. कथेत तिथं दुसऱ्यांदा मोठी दुर्घटना झाली अन् जमिनीवर अशा जागा तयार झाल्या का पाय पडला तं माणूस हवेत फेकल्या जाते नाहीतर जळून जाते, अन् अशाच जागेतून दुर्मिळ वस्तू शोधून विकायच्या. बनवणारी जीएससी गेम वर्ल्ड युक्रेनची. दुसरा भाग पहिल्यांदा 2010 मध्ये जाहीर केला, तो रद्द झाला, 2018 मध्ये परत जाहीर केला. मंग तारीख आली 28 एप्रिल 2022, जानेवारीत सांगतलं का आता 8 डिसेंबर, अन् फेब्रुवारीत रशियानं हल्ला केला. स्टुडिओ कीव्हमध्ये. काही लोकं घरचे घेऊन प्रागले गेले, काही तिथंच राह्यले, काही सैन्यात गेले. याच कंपनीच्या आधीच्या गेमवर काम केलेला एक डेव्हलपर बाखमुतजवळ लढताना मारल्या गेला. मंग 2023 सांगतलं, मंग 2024 ची पहिली तिमाही, मंग 5 सप्टेंबर, अन् शेवटी गेम आला 20 नोव्हेंबर 2024 ले. या लोकायले आपण उशीर केला म्हणून शिव्या देऊन राह्यलो.

आता माझा खरा मुद्दा. एवढं होऊनही गेम आला तवा पूर्ण नव्हताच. या गेमची खासियत म्हणजे ए-लाइफ, म्हणजे आपण तिथं असो नसो, इलाख्यातले माणसं अन् जनावरं आपआपल्या मर्जीनं फिरतात, एकमेकाशी लढतात. तेच बरोबर चालत नव्हतं. रिकाम्या मैदानात पाठीमागं अचानक चार दुश्मन उभे राहत. डिसेंबरमध्ये पॅच, म्हणजे गेम दुरुस्त कराची फाइल, आला, 1800 च्या वर दुरुस्त्या, अन् पीसीवर त्याची साइज शंभर जीबीच्या वर. गेमलेच 160 जीबी जागा लागते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर शंभर जीबी उतरवाले दोन महिन्याच्या वर लागते, अन् तेही घरात दुसऱ्या कोणी एक व्हिडिओ पाह्यला नाही तं. लाइन गेली का टॉवरही झोपते ते वेगळंच. म्हणून म्हणतो, अर्धवट गेम काढून मंग पॅच देणं हाही उशीरच हाय, फक्त तो कंपनीच्या वाट्याचा उशीर आपल्या वाट्याले येते. शहरातल्या फायबरवाल्याले तो रात्रीतून निपटते, आपल्याले नाही. त्यापेक्षा अजून सहा महिने थांबले असते तं मी काहीच म्हटलं नसतं.

काटोल_एफपीएस

भाऊ, युद्धाचं सोड, त्यात कोणाचं दुमत नाही. पण युद्ध एका गेमच्या वाट्याला आलं अन् तू त्यावरून सगळ्याच उशिराला माफी देऊन राहिला. ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर या गेमचं काय करशील? 1997 मध्ये जाहीर, 2011 च्या जूनमध्ये बाजारात. चौदा वर्षं! बनवणारी टेक्ससमधली 3डी रेल्म्स, आधीच्या ड्यूकनं गडगंज पैसा कमावला होता, म्हणून प्रकाशकाचं ऐकायची गरजच उरली नाही, अन् कधी येईल विचारलं का एकच उत्तर, झाला की येईल. आधी क्वेक 2 चं इंजिन (ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम उभा राहते ते) घेतलं, वर्षभरात ते सोडून अनरियल घेतलं. दुसऱ्याच्या गेममधी काही नवीन दिसलं का आपल्याही गेममधी पाहिजे. 2009 च्या मे महिन्यात टीमच घरी पाठवली, प्रकाशक कोर्टात गेला, शेवटी गिअरबॉक्स नावाच्या दुसऱ्या कंपनीनं उरलंसुरलं जोडून गेम काढला अन् तो आला तवा जुनाट वाटत होता, समीक्षकांनी धुतला. त्या चौदा वर्षांत कोणत्या गिऱ्हाइकाचा फायदा झाला ते सांग. तारीख नसली का काम संपत नाही, हे साधं आहे.

अन् डेटाचं म्हणशील तं 5जी टॉवरच्या रेंजमधी असला का काही पॅकवर अनलिमिटेड मिळते आता बऱ्याच ठिकाणी, दीड जीबीचा हिशोब जुना झाला.

आर्वीकर_गेमर

काटोलकर भाऊ, 5जी तुमच्या गावात असंन, आमच्या गावात तालुक्याच्या रस्त्यावर येऊन उभं राहावं लागते अन् पीसी काही रस्त्यावर नेता येत नाही.

ड्यूकचं मान्य, पण त्यायचा गुन्हा उशीर नव्हता, दर वेळी पाया खोदून परत बांधणं हा होता. वेळ घेणं अन् वेळ वाया घालवणं या दोन गोष्टी एका पोत्यात भरू नका. हाफ-लाइफ घ्या. व्हॉल्व्हचा तो पहिलाच गेम, 1997 च्या शेवटी येणार होता. जवळपास बनला होता, पण स्वतः खेळून पाह्यला तं मजा नाही. त्यायनं काय केलं, ज्या ज्या गोष्टी जमल्या होत्या त्या सगळ्या एकाच लेव्हलमध्ये कोंबून पाह्यल्या, तसा गेम चांगला वाटते हे दिसलं, अन् मंग बाकी गेम त्या हिशोबानं नव्यानं बांधला. 19 नोव्हेंबर 1998 ले आला. शूटर गेममध्ये कथा कशी सांगायची हे बाकीचे त्याच्यापासून शिकले. तारखेलेच धरून बसले असते तं व्हॉल्व्हचं नावही कोणाले आठवलं नसतं. बोंड फुटायच्या आधी हात घातला तं कवडीच निघते, मंग भाव कोण देते?

मोर्शीकरीण

दोघंही पीसीवाले म्हणून तुम्हाला फक्त जीबी दिसतात. मी एक्सबॉक्सवरच्या हेलो या शूटर मालिकेचं सांगते. हेलो इन्फिनिट नव्या एक्सबॉक्ससोबत 2020 च्या शेवटी येणार होता. जुलैमध्ये खेळ दाखवला, लोकांनी ग्राफिक्सवरून इतकी टीका केली की ऑगस्टमध्ये पुढं ढकलला, आला थेट 8 डिसेंबर 2021 ला. वर्षभर जास्तीचं मिळालं ना? तरी दोघांनी मिळून कथा खेळायची सोय सुरुवातीला नव्हतीच, नंतर देऊ म्हणाले. ऑनलाइनवाली सोय अजून एक वर्षानं आली. पण एकाच टीव्हीवर पडदा अर्धा-अर्धा करून कथा खेळायची सोय सप्टेंबर 2022 मध्ये रद्दच करून टाकली. 2001 च्या पहिल्याच हेलोत जी गोष्ट होती ती!

आमच्या घरी एकच टीव्ही, एकच एक्सबॉक्स, मी अन् माझा लहान भाऊ. नेट धड नाही म्हणून तर एका टीव्हीवर खेळणारे आम्ही. उशीर झाला की गेम चांगलाच निघतो असं समजू नका दादा, उशीर होतो अन् जे कापलं जातं ते नेमकं आपल्यासारख्यांच्या कामाचं असतं. बंदुका छान आहेत, तो हूक फेकून झेप घ्यायचा प्रकार तर फारच छान आहे, पण मला माझ्या भावासोबत खेळायचं होतं.

पुसद_नेटकॅफे

पोरांनो तुमी खेळणारे, मी चालवणारा. माह्यासाठी तारीख म्हणजे पैसा हाय. मोठा गेम येणार म्हटलं का पोट्टे आधीच विचारतेत, काका लावसान ना? मंग मशिनी बदलवा, रॅम वाढवा, ग्राफिक्स कार्ड घ्या. स्टॉकरची एप्रिलची तारीख पाहून म्या कर्ज काढून कार्डं घेतले, त्या टायमाले कार्डाचे भाव आभाळाले टेकले होते, अन् ज्या दुकानदारापासून घेतले त्यानं एक कार्ड बदलवून द्याले लई फिरवलं. गेम आला अडीच वर्षानं. तोवर हप्ते मीच भरले, थे कार्डंही जुने झाले.

युद्धात कोणाचा दोष नाही, मले समजते, वाईटही वाटते. पण बाकी कंपन्या बिनायुद्धाच्या तारखा बदलवतेत त्यायचं काय? जर माहीत नाही कवा होईन, तं सांगू नये. कोणी जबरदस्ती केली तारीख सांगायची? माह्यं मत हे का उशीर करा, पाहिजे तेवढा करा, पण गेम हातात तयार असल्याबिगर तारीख देऊ नका अन् बुकिंगचे पैसे घेऊ नका.

यवतमाळकर_सध्या_पुण्यात

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, गेममध्ये नाही, पण रिलीजच्या आधीचे दिवस कसे असतात ते रोज बघतो. उशीर म्हणजे निवांत वेळ मिळतो असं तुम्हाला वाटतंय, उलट असतं. सायबरपंक 2077 हा गेम बघा. 2012 मध्ये जाहीर, मग 2020 चा एप्रिल, तिथून सप्टेंबर, तिथून 19 नोव्हेंबर. सप्टेंबरच्या शेवटी कामगारांना आठवड्याचे सहा दिवस कामावर बोलावलं. ऑक्टोबरमध्ये गेम तयार झाला म्हणून जाहीरसुद्धा केलं आणि त्याच महिन्यात परत 10 डिसेंबर. प्रत्येक वेळी शेवटची धावपळ अजून थोडी लांबायची. आणि एवढं करून जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका खराब चालला की सोनीनं आठवड्याभरात स्वतःच्या दुकानातून काढून टाकला, लोकांना पैसे परत दिले. त्यांच्या टेस्टिंगवाल्यांना बग, म्हणजे गेममधल्या चुका, माहीत नसतील हे मला पटत नाही, कोणीतरी वरून ठरवलं असणार की घाई करायची कारण ख्रिसमसची विक्री चुकेल. तेव्हा आर्वीकर भाऊ, सहा महिने अजून थांबा म्हणताना ते सहा महिने कोणाच्या झोपेतून निघतात तेही विचारा. अशी थोडी-थोडी ढकलगाडी करण्यापेक्षा एकदाच वर्षभर पुढं न्या, माणसं घरी जाऊ द्या.

झाडीपट्टी_प्लेयर

एक गोष्ट कोणीच नाही बोलली. स्टॉकरचा पहिला भाग आठवते का? तोही 2001 मध्ये जाहीर झाला अन् 2007 च्या मार्चमध्ये आला. डेव्हलपरच्या डोक्यात लई मोठं होतं, आपण चालवाच्या गाड्या, अजून मोठे नकाशे. शेवटी प्रकाशक टीएचक्यूनं आपला माणूस तिकडं धाडला, बरंच काही कापाले लावलं, तवा गेम पुरा झाला. अन् तोच गेम आजही लोकं मॉड (खेळणाऱ्यायनंच बनवलेले बदल) टाकून टाकून खेळते. मी स्वतः जुन्या लॅपटॉपवर तोच खेळतो कारण दुसरा भाग माझ्या मशिनीवर चालतच नाही.

म्हणून मले काटोलकर भाऊचं जास्त पटते. वेळ वाढवून गेम होत नाही, कापून होते. स्टॉकर 2 चा नकाशा थोडा लहान ठेवला असता अन् ए-लाइफ पहिल्या दिवशी धड दिलं असतं, तं शंभर जीबीचा पॅचही कायले लागला असता? मोर्शीच्या ताईचं दुःख बरोबर हाय, पण ते कापण्याचं नाही, चुकीची गोष्ट कापण्याचं हाय.

आर्वीकर_गेमर

झाडीपट्टी भाऊ, कापणीचा मुद्दा मानला, पण काय कापाचं हे ठरवालेही गेम खेळून पाहावा लागते, अन् त्यालेच वेळ लागते. हाफ-लाइफवाल्यायनं तेच केलं.

पुसदच्या काकाचं मात्र शंभर टक्के. तारीख देऊन पैसे घेतले तं तो व्यवहार झाला. पण काका, जीएससीवर माझा राग तरी होत नाही. दोन दिवसात त्यायच्या दहा लाख कॉप्या खपल्या, पैसा हातात आला होता, पळून जाता आलं असतं, तरी पॅचवर पॅच देत राह्यले. माझी तक्रार एवढीच का ते काम 20 नोव्हेंबरच्या आधी झालं पाहिजे होतं.

काटोल_एफपीएस

अन् त्या दहा लाख कॉप्या 20 नोव्हेंबरला खपल्या नसत्या तं पॅच बनवणाऱ्यांचा पगार कुठून झाला असता? पाच वेळा तारीख बदललेली, देशात युद्ध, दोन देशांत पसरलेली टीम. अजून सहा महिने थांबले असते तं कदाचित ड्यूकसारखी टीमच घरी गेली असती. मी अर्धवट घेईन, पण येऊ द्या.

मोर्शीकरीण

म्हणजे त्यांच्या पगाराचं ओझं गिऱ्हाइकाच्या डेटावर? मग स्पष्ट लिहा ना डब्यावर, की गेम पूर्ण नाही, आत्ता घ्या अन् स्वस्तात घ्या. पूर्ण किंमत का घेता?

पुसद_नेटकॅफे

ताईचं बरोबर हाय. बरं आर्वीकर, तुह्या पॅचचं एक काम होऊ शकते. स्टीमवर, म्हणजे जिथून पीसीचे गेम घेतो त्या ऑनलाइन दुकानावर, 2023 पासून सोय हाय, एकाच नेटवर्कवर दोन मशिनी असल्या का एका मशिनीतला गेम दुसरीत सरळ जाते, नेटचा डेटा जवळपास लागत नाही. माह्या इथं फायबर हाय, पॅच टाकलेला हाय. तुह्या जवळपासच्या एखाद्या कॅफेवाल्यापाशी असंन तं तिथं पीसी घेऊन जा, नाहीतर इकडं ये. फक्त लाइन असताना ये, बुधवारी आमच्याइकडं मेंटेनन्स राह्यते.