रूम हीटर गार हवा मारतोय, सकाळच्या आत मदत हवी आहे (सोलापूर)

पूर्वभागकर (रात्री 9:12)
घरात रूम हीटर आहे, ब्लोअरवाला. पंखा व्यवस्थित फिरतो, लाल दिवा लागतो, पण हवा गार येते. प्लग बदलून बघितला, तेच. घरात 20 दिवसांचं बाळ आहे. सकाळी 8 ला मावशी अंघोळ घालायला येतात, त्याच्या आत काहीतरी करायचंय. इलेक्ट्रिशियनला तीन फोन झाले, "गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) संपू द्या, मग येतो" म्हणतो. काय बिघडलं असेल? आणि कृपा करून "सोलापुरात हीटर कशाला" हे सोडून बोला.

ऊनवारा (9:15)
सोलापुरात हीटर कशाला?

जुळेसोलापूरकर (9:17)
हौ की. एप्रिलपर्यंत थांबा, मग नुसतं दार उघडं ठेवायचं.

वायरमनअण्णा (9:21)
किती वॅटचा? किती जुना? बटण कुठल्या आकड्यावर आहे? बटणाशिवाय दुसरा गोल नॉब आहे का? हवा पहिल्यापासून गार आहे की थोडा वेळ गरम येऊन मग गार होते? एवढं सांगा, मग बोलू.

पूर्वभागकर (9:26)
गेल्या हिवाळ्यात घेतला. 2000 वॅट. साधाच आहे हो, सगळ्यांकडे असतो तसा. बटण 2 वर आहे, मी काही अडाणी नाही.

वायरमनअण्णा (9:31)
दादा, अडाणी कोण म्हणतंय. या हीटरला बहुतेक वेळा बंद, नुसता पंखा, 1 आणि 2 असं असतं. पंख्याच्या खुणेवर ठेवून "बिघडला" म्हणून दुकानात आणणारे मी दर हिवाळ्यात बघतो. दुसरा नॉब थर्मोस्टॅटचा. तो कमीवर असेल आणि खोली आधीच 20-22 वर असेल, तर हीटरला वाटतं काम झालं. कॉइल बंद, काही मॉडेलमध्ये पंखा चालूच. दिल्लीत हा प्रश्न येत नाही, आपल्याकडे येतो, कारण आपली खोली मुळात तेवढी गार नसतेच. नॉब शेवटपर्यंत जास्तीकडे फिरवा, "टिक" आवाज येतो का ऐका.

होटगीरोडवाला (9:34)
सगळं सोडा, व्होल्टेज मोजा. आमच्याकडे संध्याकाळी 190 च्या वर जात नाही. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गात पडते. 230 ला 2000 वॅट असेल तर 190 ला साधारण 1365 च राहतो. मी स्टॅबिलायझर लावला, प्रश्न संपला.

वायरमनअण्णा (9:38)
1365 वॅटला हवा कोमट येईल, गार नाही येणार. आणि 2000 वॅट झेपणारा स्टॅबिलायझर हीटरपेक्षा महाग पडतो.

होटगीरोडवाला (9:40)
माझा अनुभव सांगितला. घ्यायचा तर घ्या.

आजीचाबटवा (9:44)
बाळंतिणीच्या खोलीत हीटर कसले लावता? हवा कोरडी पडते, बाळाचं नाक चोंदतं. शेगडीत निखारे करा, वर ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं टाका, दारं-खिडक्या लावून धुरी द्या. आमची चारही पोरं याच्यावर वाढली.

सईचीआई (9:47)
काकू, रागावू नका, पण बंद खोलीत निखारे अजिबात नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. 20 दिवसांचं बाळ सांगणार कसं? आमच्या बालरोगतज्ज्ञांनी धुरीला सरळ नाही म्हटलं होतं.

आजीचाबटवा (9:50)
पूर्वी काय सगळी बाळं झोपेत गेली का?

जुळेसोलापूरकर (9:52)
पूर्वी घरं कौलारू होती काकू, फटीतनं वारं यायचं. आता स्लायडिंगच्या खिडक्या.

पूर्वभागकर (9:58)
धुरीचा विषय बाजूला ठेवाल का? नॉब पूर्ण फिरवला. टिक झालं. गरम हवा आली. तीन-चार मिनिटांनी परत गार.

वायरमनअण्णा (10:01)
म्हणजे गरम येते! हेच तर पहिल्या फेरीत विचारलं होतं. आधीही असंच व्हायचं का?

पूर्वभागकर (10:04)
हो, असंच. सुरुवातीला गरम येतेच की, पण तिचा उपयोग काय? बंद करून अर्ध्या तासाने लावला की परत तीन मिनिटं गरम.

टेक्निकलबॉस (10:06)
सोप्पं आहे. आतला कटआऊट कमकुवत झालाय. मागचे स्क्रू काढा, कॉइलजवळ छोटी गोल चकती दिसेल, तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून डायरेक्ट करा. माझा दोन वर्षं असाच चालतोय.

वायरमनअण्णा (10:08)
हे कुणीही करू नका. परत लिहितो, कुणीही करू नका. ती चकती म्हणजे आग लागू नये म्हणून बसवलेला चौकीदार आहे. आतून हवा पुरेशी जात नसेल तर कॉइल लालबुंद होते, चकती वाकते, करंट तोडते. पंख्याची लाइन वेगळी असेल तर तो फिरत राहतो, म्हणून हवा गार लागते. थंड झाली की चकती परत जुळते, म्हणून अर्ध्या तासाने गरम. यावरून एक नक्की कळलं : कॉइल शाबूत आहे, एकदाच उडणारा थर्मल फ्यूजही शाबूत आहे. तो उडाला असता तर परत गरम आलंच नसतं. आता शोधायचंय ते हवा का अडते हे. बॉस, तुमचा डायरेक्ट केलेला हीटर ज्या खोलीत आहे तिथे कोण झोपतं?

टेक्निकलबॉस (10:11)
घाबरवू नका लोकांना. आयटीआय मीही केलाय.

जुळेसोलापूरकर (10:12)
हीटर तापंना आन् अण्णा तुम्ही कशाला तापालाव?

निवांतनाना (10:15)
ब्लोअर घेणंच चूक. तेलाचा रेडिएटर घ्या, पंखा नाही, आवाज नाही, उघडी कॉइल नाही. तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण एकदा तापला की ऊब टिकते. माझ्याकडे सहा वर्षं आहे.

होटगीरोडवाला (10:17)
नाना, त्याला सकाळी 8 ला हवाय. रात्री सव्वादहाला रेडिएटर कुठून आणेल?

निवांतनाना (10:18)
पुढच्या वर्षासाठी सांगतोय.

मूळबार्शीकर (10:22)
याच संदर्भात विचारतो, 15 लिटरचा गीझर चार माणसांना पुरेल का? पाणी खारं आहे.

वायरमनअण्णा (10:25)
बार्शीकर, नवा धागा काढा. पूर्वभागकर, हीटर कुठे ठेवता? भिंतीपासून किती लांब? मागच्या जाळीसमोर काही आहे का? आणि कुठल्या प्लगला लावलाय? 2000 वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. जाड पिनचा पॉवर प्लगच पाहिजे.

पूर्वभागकर (10:33)
पाळण्याच्या खाली, भिंतीला टेकून. पाळण्यावर चादर टाकलेली असते, ती थोडी लोंबते. प्लग एक्स्टेंशन बोर्डचा, जाड पिन बसत नाही म्हणून कन्व्हर्टर लावलाय. मोबाइलही त्यावरच.

सईचीआई (10:34)
पाळण्याच्या खाली?? आत्ताच्या आत्ता काढा तो तिथून.

वायरमनअण्णा (10:37)
ताई बरोबर बोलतायत. आधी हीटर बाहेर, मग बाकी गप्पा. बोर्डाला हात लावून बघा, कन्व्हर्टर कोमट असेल.

पूर्वभागकर (10:41)
काढला. कन्व्हर्टर कोमट नाही, चांगलाच गरम आहे. एक बाजू पिवळी पडलीय. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या पॉवर प्लगला लावला, भिंतीपासून दोन हात लांब, समोर-मागे मोकळं. यावेळी सहा मिनिटं गरम आणि मग गार. म्हणजे अजून काहीतरी आहेच.

वायरमनअण्णा (10:44)
प्लग काढून, हीटर गार झाल्यावर टॉर्च लावून मागची जाळी बघा. धूळ आहे?

पूर्वभागकर (10:46)
धूळ नाही. रुई आहे थोडी, ती असतेच.

वायरमनअण्णा (10:47)
रुई कुठून आली?

पूर्वभागकर (10:49)
खाली माग आहेत की. आम्ही कारखान्याच्या वरच राहतो. टॉवेल.

वायरमनअण्णा (10:50)
हे आत्ता सांगताय! दीड तास झाला!

पूर्वभागकर (10:52)
तुम्ही विचारलंच नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच खाली माग आहेत.

जुळेसोलापूरकर (10:53)
अण्णा, पूर्व भागातल्या माणसाला रुई कुठून आली विचारणं म्हणजे पंढरपुरात बुक्का कुठून आला विचारणं.

वायरमनअण्णा (10:57)
बरं. जाळीवर थोडी दिसते म्हणजे आत ढीग असेल. पंखा ती ओढून कॉइलवर नेतो. चार स्क्रू असतील, मागचं झाकण काढा. कोरडा मऊ ब्रश घ्या, रंगकामाचा नवा चालेल. पाणी नको, ओलं फडकं नको. कॉइलची तार अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळलेली असते, अभ्रक ठिसूळ असतो, ब्रश हलका चालवा. वायरी हलवू नका. नंतर मल्टीमीटर असेल तर प्लगच्या दोन पिनांमध्ये मोजा. प्लग हातातच हवा, भिंतीत नव्हे. 2 वर साधारण 26 ओहम, 1 वर 53 च्या आसपास.

टेक्निकलबॉस (11:02)
किंवा चकती डायरेक्ट करून पाच मिनिटांत झोपा.

सईचीआई (11:03)
रुईने भरलेला हीटर आणि चकती डायरेक्ट. वाचा तुम्हीच काय लिहिलंय ते.

(टेक्निकलबॉस यांनी पुढचा प्रतिसाद स्वतःच काढून टाकला आहे.)

पूर्वभागकर (सकाळी 9:20)
रात्री उघडला. स्क्रू तीनच होते, चौथ्याच्या जागी प्लास्टिकची खुंटी. आत पंख्यामागे रुईची गादीच बसलेली, तळहाताएवढी, नमद्यासारखी घट्ट. बोटाने उलगडली तर थर निघाले : गुलाबी, पांढरा, परत गुलाबी, मग थोडा मोरपंखी. वडील शेजारी बसले होते. त्यांनी हातात घेतली आणि म्हणाले, "हा मोरपंखी दसऱ्याच्या आधीचा, तो माल परत आला होता." हीटरचं राहिलं बाजूला, अर्धा तास त्या परत आलेल्या मालाची गोष्ट झाली.

कॉइलच्या एका कडेला रुई जळून काळी झाली होती. ते बघून मात्र पोटात गोळा आला. बायकोला अजून दाखवलं नाही.

ब्रशने साफ केलं. मल्टीमीटर खालच्या फिटरचा, 2 वर 27 दाखवला. सकाळी साडेसातला पॉवर प्लगवर लावला, वीस मिनिटं सलग गरम. खोली ऊबदार झाल्यावर बंद केला, मग मावशींनी अंघोळ घातली. बाळ रडलं, पण ते रोजच रडतं.

वायरमनअण्णा (9:31)
छान. आता कन्व्हर्टर फेकून द्या, कुणाला देऊ नका. हीटर दर आठवड्याला साफ करा आणि वापरून झाला की पिशवीत घालून ठेवा, उघडा ठेवलात की दिवसभर रुई बसत राहते. खरं सांगायचं तर मागावरच्या घरात उघड्या कॉइलचा ब्लोअर मी ठेवणार नाही. नानांचं या बाबतीत बरोबर आहे.

निवांतनाना (9:33)
हे वाक्य जपून ठेवतो.

होटगीरोडवाला (9:40)
व्होल्टेज किती होतं सकाळी?

पूर्वभागकर (9:46)
228. अण्णा, सईचीआई, आभार. अण्णा, रात्री चिडून बोललो, मनावर घेऊ नका.

मूळबार्शीकर (10:05)
गीझरचं कुणी सांगितलं नाही.

ऊनवारा (10:12)
ते गुलाबी टॉवेल डझनाला काय भाव देता?

पूर्वभागकर (10:14)
व्यनि (खासगी निरोप) करा.