मदत हवी आहे : आरामखुर्चीची पाठ हातापासून सुटली, कोणता गोंद वापरावा?

निवांत_बैठक
नमस्कार. माझ्याकडे ईम्स पद्धतीची एक जुनी आरामखुर्ची आहे. वाकवलेल्या प्लायवूडची कवचे, त्यांवर काळ्या चामड्याच्या गाद्या आणि सोबत पाय ठेवायचे स्टूल, असा तिचा संच आहे. काल रात्री बसलो असताना डाव्या बाजूला ‘टक्’ असा आवाज झाला आणि पाठ त्या बाजूने सुटून मागे लोंबू लागली. पाठ आणि हात यांच्यामधले रबर लाकडाला पक्के बसवण्यासाठी कोणता गोंद घ्यावा, एवढेच मला विचारायचे आहे. खुर्ची रोजच्या वापरातली आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे होईल. कृपया तिचा इतिहास आणि किंमत सांगत बसू नये.

सातथरी
उत्तर लवकर हवे असेल तर माहिती आधी द्यावी लागेल. खुर्ची हर्मन मिलर किंवा व्हिट्रा या अधिकृत उत्पादकांची आहे, की नक्कल आहे? पाय किती आहेत? बसल्यावर ती मागे कलते का? कवचाच्या बाहेरच्या अंगाला स्क्रूची डोकी दिसतात का? रबर लाकडापासून सुटले आहे, मधोमध फाटले आहे, की लाकडाचा थर सोबत घेऊन आले आहे? या तिन्ही दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

निवांत_बैठक
पाय चार आहेत आणि रबर सुटले आहे. आता गोंदाचे नाव सांगावे.

सातथरी
मग मला तुमच्या दोन विधानांचा मेळ बसत नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी रचनाकार दांपत्याची ही खुर्ची 1956 साली बाजारात आली. खुर्चीचा क्रमांक 670 आणि स्टुलाचा 671; खुर्चीला पाच पाय असतात, स्टुलाला चार. मूळ खुर्ची गोल फिरते, पण तिचा कल कायमचा ठरलेला असतो, ती मागे झुकत नाही. प्लायक्राफ्टसारख्या इतर कंपन्यांनी काढलेल्या त्या धर्तीच्या खुर्च्यांना मात्र बहुधा चार पाय आणि कलण्याची यंत्रणा असते, आणि अनेक नकलांत पाठ सरळ बोल्टने आवळलेली असते. पाय चार असतील तर चिकटवलेले रबर कुठून आले, हे आधी पाहावे लागेल.

चर्मप्रेमी
जुन्या चामड्याला तेल चोपडण्याचा मोह टाळावा. मऊ, किंचित ओलसर कापडाने धूळ टिपून घ्यावी, खोगिराचा साबण वापरायचाच असेल तर तो आधी गादीच्या मागच्या कोपऱ्यात लावून पाहावा आणि खुर्ची थेट उन्हापासून दूर ठेवावी. माझ्या खुर्चीचे चामडे याच शिस्तीने टिकले आहे.

निवांत_बैठक
चामड्याला काहीही झालेले नाही.

आरपार_बोल्ट
गोंदाचा नाद सोडावा, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. माझ्या खुर्चीचे रबर दोनदा सुटले. तिसऱ्या वेळी मी पाठीच्या कवचाला छिद्र पाडले, बोल्ट आरपार घातला, आतून रुंद वॉशर लावला आणि तेव्हापासून खुर्ची जागची हललेली नाही. बाहेर एक लहानसे डोके दिसते, त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

सातथरी
तुमचे बिघडले नसेल, पण ज्याला हे कवच वाचवायचे आहे त्याचे बिघडेल. छिद्राच्या काठाशी सगळा ताण एकवटतो आणि कवच तिथूनच तडकते. पहिल्या काळातल्या खुर्च्यांचे कवच पाचच थरांचे होते, सात थर पुढे आले, त्यामुळे जुन्या कवचावर हा प्रयोग अधिकच जोखमीचा आहे. त्यात वरचे व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ दर्शनी थर, ब्राझिलियन रोझवूडचे असेल तर तसाच तुकडा मिळवून ठिगळ लावणेही सोपे नाही, कारण ते लाकूड 1992 पासून धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

आरपार_बोल्ट
खुर्ची बसण्यासाठी असते, वस्तुसंग्रहालयासाठी नव्हे.

जुनी_वीण
धागाकर्त्यांनी इतिहास नको म्हटले आहे, तरी थोडा सांगतो, कारण गोंदाचे उत्तर त्यातच आहे. आरामखुर्ची घडवणाऱ्या प्रत्येकापुढे प्रश्न एकच असतो : माणूस रेलला की काहीतरी दबले पाहिजे, ते नेमके काय दबावे? मॉरिस खुर्चीत, म्हणजे 1860 च्या दशकात, पाठीमागच्या आडव्या दांडीची खाच बदलून कल ठरवायचा आणि दबण्याचे काम गाद्यांनी करायचे, अशी सोय होती. रचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी 1925 मध्ये पोलादी नळीच्या सांगाड्यावर कापड ताणले आणि ते काम कापडाकडे गेले. वास्तुकार अल्वार आल्टो यांनी फिनलंडमधल्या पाइमिओच्या क्षयरोग रुग्णालयासाठी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या खुर्चीत बर्चच्या वाकवलेल्या लाकडालाच लवायला लावले. ईम्स यांच्या या खुर्चीत गाद्यांच्या जोडीला सांध्यातले रबर दबते. पाठीचे कवच आणि खुर्चीचे हात यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना रबराच्या चकत्या असतात. त्या कवचाला आतून चिकटवलेल्या आणि हाताला स्क्रूने जोडलेल्या असतात. म्हणूनच मूळ खुर्चीच्या कवचावर बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. बोल्ट आरपार घातला की खुर्ची घट्ट होते खरी, पण जो भाग दबायला हवा तोच दबेनासा होतो आणि त्याचा भार लाकडावर येतो.

तिरका_पाट
माझ्या डॅनिश सागवानी खुर्चीतही गादीखालचे रबरी पट्टे कडक होऊन खाली बसले आहेत. हाच उपाय तिथे चालेल का?

जुनी_वीण
चालणार नाही. ते पट्टे ताणून बसवलेले असतात, चिकटवलेले नसतात. ते सरळ बदलावेत. कारण मात्र दोन्हीकडे सारखेच आहे. हवेतल्या प्राणवायूमुळे रबर वर्षांगणिक कडक आणि ठिसूळ होते, मग खुर्ची वापरात असो वा नसो.

निवांत_बैठक
आत्ता दिवा लावून नीट पाहिले. चार पाय स्टुलाचे आहेत, कारण काल खुर्ची आडवी पाडलेली होती आणि मोजायला स्टूलच समोर होते. खुर्चीला पाच पाय आहेत. ती कलत नाही, बाहेर स्क्रू दिसत नाहीत आणि प्रत्येक हाताखाली तीन स्क्रू आहेत. रबराला लाकडाचा एक पातळ पापुद्रा चिकटून आला आहे. आणखी एक सांगायचे राहिले : काल रात्रीच मी त्यावर झटपट चिकटणारा सुपरग्लू लावला होता, पण सकाळी टेकताच ते पुन्हा सुटले.

सातथरी
हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवे होते. हाताखाली तीन स्क्रू म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतली खुर्ची, नंतर ते दोन झाले. आता तिच्यावर कोणीही बसू नये, कारण एक बाजू सुटली की पाठीचा सगळा भार दुसऱ्या चकतीवर पिळून येतो आणि तेव्हाच कवच फाटते. सुपरग्लू वाळल्यावर ठिसूळ होतो, म्हणून हलत्या सांध्यात तो टिकत नाही. तो अॅसिटोनने मऊ पडतो, पण अॅसिटोनचा थेंब बाहेरच्या पॉलिशवर जाऊ देऊ नये. जुने रबर, जुना गोंद आणि सैल तंतू काढून लाकूड कोरडे व स्वच्छ करावे, उचकटलेला पापुद्रा सुटा करता आला तर तो आधी जागेवर बसवावा, मग नवी चकती किंचित खरवडून संथपणे वाळणाऱ्या इपॉक्सी गोंदाने लावावी आणि पूर्ण वाळेपर्यंत दाबून ठेवावी. चकती लावताना हात जागेवर ठेवून छिद्रे जुळवून घ्यावीत, नाहीतर स्क्रू बसणार नाहीत. आणि दोन्ही बाजूंच्या चकत्या एकत्रच बदलाव्यात.

आरपार_बोल्ट
इपॉक्सी पुन्हा सुटेल तेव्हा हा धागा वर काढावा, मी इथेच आहे.

निवांत_बैठक
उजवी बाजू शाबूत असताना ती का उघडायची, असे विचारणार होतो. विचारण्यापूर्वी गादी काढून त्या चकतीला अंगठ्याने जरासे ढकलून पाहिले, तर ती सगळीच्या सगळी हातात आली. लाकूड मात्र या बाजूला शाबूत आहे.

चर्मप्रेमी
गादी काढलीच आहे, तर मागच्या शिवणीही पाहून घ्याव्यात.